अमावास्येचं इंजिन

आज इथं दक्षिणेत, टी. नगरमध्ये, दुकानांसमोर दृष्ट काढून कोहळे फोडले होते. कापराचा आणि ओल्या कोहळ्याचा वास आला, तेव्हा अमावास्या आहे हे लक्षात आलं. त्या वासाने मला अजूनही वैताग येतो.

मी कॉलेजात असताना बाबा घरामागे सुटे भाग आणून स्वस्तातली किट कार जोडत होते. सांगाडा तयार होता, इंजिन मात्र जुनंच घ्यायचं होतं. शहरातल्याच गिंडीच्या एका भंगाराच्या शेडमध्ये अखेर हवं तसं मिळालं. छोटंसं, आठशे सीसीचं, हात लावला की काळं तेल लागणारं. मी टेप लावून मोजलं. नेमकं बसत होतं.

"उद्या नेऊ," बाबा म्हणाले. "आज अमावास्या आहे."

सोबत शेजारचे रावकाका होते, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. ते उसळले. "अय्यो, आमच्याकडे अमावास्येलाच तर नवं घ्यायचं! उद्या प्रतिपदा, उद्या कोण घेतं?"

"आमच्या साताऱ्यात असलं चालत नाही."

"सातारा कुठं, गिंडी कुठं!"

"बाबा, हेच बसतंय," मी म्हणाले.

"तू थांब गं," दोघंही म्हणाले. तेवढ्यावरच त्यांचं एकमत झालं.

शेवटी परवावर तडजोड झाली. तिसऱ्या दिवशी गेलो, तर ते विकलं गेलं होतं. बाबांनी त्याच्या शेजारचं मोठं इंजिन उचललं.

तेव्हा मला पंचांगाचा राग आला होता. आता पंचांगाचा येत नाही. गाडी अजून घरामागे उभी आहे, तिचं बॉनेट लागत नाही, आणि आल्यागेल्याला बाबा सांगतात, "मोजमाप हिने केलं होतं."