डोंगराला उजवं

"उजवं घाल व पोरी, उजवं."

दिवसातून वीस वेळा तरी हे ऐकायला मिळायचं. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात आम्ही दोघी शेजारी बसायचो. कीड लागलेला पिवळा कापूस वेचून बाजूला काढायचा, हे आमचं काम. त्या कापसाला आम्ही कवडी म्हणतो. समोर कापसाचा ढीग घराएवढा. पाणी प्यायला उठलं की ढिगाच्या डाव्या अंगानं नळ दहा पावलांवर होता. पण ही बाई सगळा ढीग उजव्या हाताला ठेवून, लांबून वळसा घालून जायची. मलाही तसंच जायला लावायची.

मुकादम ओरडायचा, "मावशे, कापूस हाय तो, शंकराची पिंड नाही!"

"पिंड नाही त नाही. डावं मुर्द्याले घालतात, बापा," असं म्हणून ही चालत राहायची.

तिचं नाव मी लिहीत नाही. सगळे मावशीच म्हणायचे. विहीर, पिंपळ, वाटेत बसलेली गाय, सगळ्याला ती उजवं घालायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. लोक हसतात आणि सोडून देतात. मला सोडून देता येत नव्हतं, कारण माझं घर तिच्या घराला लागून होतं आणि कामावर जाणं तिच्याबरोबर होतं. पाऊण मैलाच्या रस्त्याचा ती एक मैल करायची. मला राग यायचा.

एकदाच तिनं कारण सांगितलं. तिचं पहिलं पोर तापानं फणफणलं होतं. ती मारुतीला धावली. गर्दी होती, जीव थाऱ्यावर नव्हता, पाच फेरे मारले ते सगळे डाव्या अंगानं पडले. पुजारी ओरडला तेव्हा तिच्या लक्षात आलं. घरी आली तर पोर गेलेलं.

"तापानं गेलं ते," मी म्हणाले.

"तू तिथं होती का?" ती म्हणाली.

त्या पोरानंतर तिला एक मुलगी झाली. ती पोटात असतानाच नवरा गेला, तेव्हा एवढी एकच. ती खंडव्याला दिली होती. जावई रेल्वेत खलाशी. घाटातून खंडव्याला जाणारी लहान रुळांची नवी गाडी तेव्हा सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. मावशी त्या गाडीत कधी बसली नव्हती. लेकच वर्षातून एकदा यायची.

एक दिवस जावयाचं कार्ड आलं. मी चौथी पास, म्हणून गल्लीतली कार्डं माझ्याकडे यायची. लेकीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पायाला सूज चढली होती आणि दवाखान्यातल्या बाईनं गाडीत बसायला मनाई केली होती. खाली लिहिलं होतं, "ती रोज रडते. आईला पाठवा."

मावशीनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि पालथं करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. "सूज म्हंजे कुठवर?" तिनं विचारलं.

"ते नाही लिहिलं."

"माह्यावेळी गुडघ्यापावतर होती," ती म्हणाली. "मी वाचली कशी ते माह्यं मले माहीत."

जायचं ठरलं. जुनी लुगडी फाडून बाळोती झाली. डिंकाचे लाडू झाले. गल्ली सल्ले द्यायला जमली. कोणी सांगितलं, मेळघाटात वाघ रुळावर बसतो. कोणी म्हणे बोगद्यात धूर कोंडतो, कोणी म्हणे पूल इतका उंच की खालची झाडं गवतासारखी दिसतात. मावशी लाडू वळत ऐकत होती.

"वाघाचं भेव नाही मले," ती म्हणाली. "वाघ दिसते तरी."

मग आमचा दूधवाला बोलला. तो एकदा त्या गाडीनं गेला होता. "मावशी, धुळघाटापाशी मजा आहे. चढ लई हाय, म्हणून गाडी डोंगराले पुरा फेरा मारते, अन आपल्याच रुळावरून पुलावरून वर जाते. खाली पाहाल त मघाचे रूळ!"

मावशीचा हात थांबला. अर्धा वळलेला लाडू हातातच राहिला.

"फेरा?" ती म्हणाली. "उजवा का डावा?"

सगळे हसले. मी पण हसले. ती हसली नाही. लेकीपाशी जायची वाट डोंगराला फेरा घालून जात होती आणि फेरा कोणता ते कोणाला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ती विचारत सुटली. अकोटहून भाजी आणणारी बाई म्हणाली उजवा. हमाल म्हणाला डावा. दूधवाल्याला पुन्हा विचारलं तर तो म्हणाला, मी तेव्हा झोपलो होतो. कामावर तिचं लक्ष उडालं. कवडी ढिगात जायची आणि चांगला कापूस बाजूला पडायचा. मी मुकादमाच्या आधी तिची टोपली निवडून ठेवायचे. आठवा महिना लागला. दुसरं कार्ड आलं, सूज वाढली.

"जा ना व आता," मी म्हणाले.

"अन डावं पडलं त? एक पोर मीच घालवलं. हे बी माह्याच पायानं जाईन."

शेवटी मीच तिला स्टेशनवर नेलं. खिडकीतला बाबू म्हणाला, "बाई, तिकीट घेता का प्रदक्षिणा?" मागचे लोक खदखदले. तिथून फलाटावर गेलो. इंजिनाचा म्हातारा ड्रायव्हर बिडी ओढत उभा होता. मावशीनं त्याला हात जोडून विचारलं. तो हसला नाही. कोळशाचा तुकडा घेतला, फलाटावर वाकून एक वेटोळं काढलं, त्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माय, जातानी डोंगर उजव्या हाताले राहते. बिनघोर जा."

महिनाभरात पहिल्यांदा ती नीट चालली. घरी येताना गुणगुणत होती. इथंच मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझी जीभ अशी की मनात आलं की बाहेर.

"जातानी उजवं," मी म्हणाले, "मग त्याच वाटेनं येतानी डावं पडन."

ती रस्त्यातच थांबली. मी बोलून चुकले होते. दुसऱ्या दिवशी बांधलेलं गाठोडं तिनं सोडलं.

दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "हे पाय मावशे, खंडव्याहून भुसावळवरून बी येता येते अकोल्याले. मोठी गाडी. मधात डोंगराचा फेरा नाही."

"मले वाचता येत नाही. भुसावळले गाडी बदलतानी मी कुठं जाईन?"

"मी येतो ना घ्याले. कार्ड टाक, मी येतो. भुसावळवरून घेऊन येतो तुले."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "येशील?"

"येतो म्हटलं ना."

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. उजव्या बाजूच्या खिडकीत बसली, डोंगर दिसावा म्हणून. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. गाडी हलली तरी तिनं गज सोडले नाहीत. माझ्याकडे पाहून फक्त म्हणाली, "येजो."

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दोन महिन्यांनी पुन्हा आलं, "सासूबाईंना परत यायचं आहे, तुमची वाट पाहतात."

मी गेले नाही.

जिनाचा हंगाम होता हे खरं. पण हंगाम संपल्यावरही गेले नाही. खरं सांगते. मी तोवर मूर्तिजापूरच्या पुढं कधी गेले नव्हते. भुसावळ नुसतं ऐकून माहीत होतं. एवढं मोठं स्टेशन, इतके फलाट, चुकीच्या गाडीत बसले तर? मला पाट्या वाचता येत होत्या, तरी. मावशीच्या भीतीला मी हसत होते. माझ्या भीतीचं नाव मी कोणाला सांगितलं नाही. "सवड झाली की येते," असं लिहीत राहिले. तिच्याकडून आणखी दोन कार्डं आली. मग येणं थांबलं. दोन वर्षांनी हिवाळ्यात एक आलं, त्याचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड मरणाचं, ते वाचावं लागत नाही.

तेव्हा मी निघाले. भुसावळवरून नाही. घाटाच्या गाडीनं, एकटी. मावशी बसली होती तशी उजव्या खिडकीत बसले. धुळघाट आला. लोक उठून खिडक्यांशी आले. पण ते सगळे पलीकडच्या खिडक्यांशी गेले. मी बसले होते तिकडे नुसती दरी होती. डोंगर डाव्या हाताला होता. पुरा फेरा होईपर्यंत तो डाव्या हातालाच होता.

ड्रायव्हरनं चुकून सांगितलं की मुद्दाम, देव जाणे. मला वाटतं, मुद्दाम.

खंडव्याला तिच्या लेकीनं चहा दिला. दोन वर्षांची पोर माझ्या लुगड्याला धरून उभी होती. मी विचारलं, "मायनं घाटाचं काही सांगितलं का?"

"सांगितलं ना," लेक म्हणाली. "उतरल्या उतरल्या रडली. डावं पडलं म्हणे. बाळंतपण होईपावतर जेवली नाही धड. मंग पोरगी झाली, दोघी बऱ्या राहिलो, तवा हसली. म्हणे, जातानी डावं त येतानी आपोआप उजवं. आता भेव नाही, घाटानंच जातो."

"मग आली काहून नाही?"

लेक माझ्याकडे पाहत राहिली. "तुमी येतो म्हटलं होतं ना. ती म्हणे, मी इकडून घाटानं निघालो अन ती तिकडून भुसावळनं आली, त चुकामूक होईन. कार्ड पोचाच्या आधीच निघाली त बिचारी खंडव्यात मले शोधत फिरन."

मी चहा संपवला. दुसरं काय करणार?

परतीला मी घाटाच्याच गाडीत बसले. उजवी खिडकी धरली. धुळघाट आला तसा डोंगर माझ्या उजव्या हाताला आला, अगदी जवळ, सागाची पानं गजांना लागत होती. शेजारची बाई म्हणाली, "सरका थोडं, लेकराला पाहू द्या." मी सरकले नाही. फेरा पुरा होईपर्यंत गज धरून बसले.