हळूबाई घर पाहायला आल्या

मुलगी बीमवरून, जिम्नॅस्टिक्सच्या त्या वीतभरही रुंद नसलेल्या उंच लाकडी पट्टीवरून, उडी मारून खाली यायची, नेमक्या त्या वेळी हळूबाई डोळे मिटून घ्यायच्या. अख्खा हॉल वर बघत असायचा, आम्ही आईबाप दाराच्या जाळीला नाक लावून उभे असायचो, आणि जिनं बघायचं ती बाई मात्र भिंतीला टेकून डोळे बंद, नुसते कान तिकडे. मुलीचे पाय मॅटवर टेकले की डोळे उघडायचे आणि निकाल लागायचा. "पोतं टाकल्यावानी आली. पुन्हा." किंवा, फार क्वचित, "बरं हाये." त्यांच्या तोंडून 'शाब्बास' मी कधीच ऐकलं नाही. पण "बरं हाये" ऐकून आलेली मुलगी त्या दिवशी जेवताना पोळी मागून घ्यायची, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

दिवसभर त्यांचा एकच शब्द चालू असायचा. "हळू... हळू ये... पाय आपलेच हायेत, हळू ठेव." म्हणून मुलींनी त्यांचं नाव हळूबाई पाडलं. तोंडावर सगळ्या मॅडम म्हणायच्या. एकदा एका चिमुरडीनं घाईत सगळ्यांसमोर हाक मारली, "हळूबाई, मले सू आली!" मॅडम म्हणाल्या, "मंग आता हळू नको जाऊ वं, पळ!" नाव त्यांना केव्हाच माहीत होतं. त्या दिवसापासून आम्ही पालकही बिनधास्त तेच म्हणायला लागलो, अर्थात त्यांच्या माघारी.

अमरावतीच्या त्या हॉलमध्ये मी माझ्या समूला, समृद्धीला, घेऊन गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरातल्या खिडकीच्या गजांवर उलटी लटकायची, तिला कुठे तरी गुंतवावं एवढाच विचार. मॅडमनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "हिले यायचं हाये का तुमाले?" मी म्हटलं, "हिलाच, मॅडम. मला आता काय येणार?" तर म्हणाल्या, "तसं नाई. काही आया सोता उड्या मारतात पोट्टीच्या अंगातून." मला राग आला होता. चांदूर रेल्वेच्या बाजूच्या गावातून रोज रेल्वेनं अमरावतीला येऊन मी पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढे परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागले. कोणाचं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. पण मी समूला तिथंच ठेवलं, कारण त्यांनी तिला पहिल्याच दिवशी मॅट झाडायला लावली आणि ती घरी आनंदानं आली.

त्यांच्या हॉलमध्ये बीमवर एकटीनं चढायचं नाही, असा कायदा होता. एक वर, एक खाली. खालची पोरगी मांडी घालून बसायची आणि वरचीचे पाय बघायची. वरची उतरली की खालचीनं सांगायचं: टाच उचलली, गुडघा वाकला, बोटं सुटली. चुकीचं सांगितलं तर बोलणी खालचीला. "वर चढून एक शिकते, खाली बसून दोन शिकते," असं त्या म्हणायच्या. समू सुरुवातीला खाली बसायला कुरकुरायची. नंतर तर घरी भाजी चिरताना माझ्याही हाताकडे तशीच बघायला लागली. "आई, अंगठा बाहेर ठेवून राहिली तू."

समू दहा वर्षांची असताना माझी बदली अकोल्याला झाली. गजाननला, माझ्या नवऱ्याला, तिथल्या एका दालमिलमध्ये सुपरवायझरची जागा मिळाली. चांगलं घर मिळालं, ऑफिस जवळ, शाळा जवळ. फक्त बीम नव्हता. खूप विचारलं, खूप फिरलो. नाच होता, कराटे होतं, स्केटिंग होतं. समू काही बोलायची नाही, आणि तेच वाईट होतं. बडबडी पोरगी गप्प झाली की घर मोठं वाटायला लागतं. मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या घरमालक आजोबांनी मला हाक मारली. "समूले पाहा!" मी धावत गेले तर समू कंपाउंडच्या भिंतीवर, दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल टाकत चालली होती. खाली एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला आजोबांची तुळस.

त्या दिवशी आमच्या घरात ठरलं की बीम घ्यायचा. म्हणजे ठरवलं मी. गजानन म्हणत होता, "अगोदर मॅडमले इचार." मी म्हटलं, पोरगी भिंतीवरून पडल्यावर विचारू का? मला कुठलीच वस्तू मागून मिळाली नव्हती. माझ्या मुलीला मागायच्या आधी मिळेल, हे मी ती पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. खेळाचं सामान विकणाऱ्यांकडे घरात मावेल असा बीम मिळेना, म्हणून मी शेवटी मॅडमना फोन केला. कुठला घ्यावा एवढंच विचारायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीचं ऐकल्यावर "रुंद किती?" एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "शनिवारी येते मी. घर पाहायले."

मुलगी द्यायच्या आधी घर पाहायला यावं तशा त्या आल्या. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून, काखेत पिशवी, पायात हॉलमधलेच पांढरे बूट. मी पोहे केले होते. त्यांनी पोह्यांकडे पाहिलं नाही. आमच्या बैठकीत उभ्या राहून आधी पंख्याकडे पाहिलं, मग टाचेनं फरशी ठोकली, मग विचारलं, "खाली कोन रायते?" आजोबा, म्हटलं. "पूजा किती वाजता करतात?" मी सांगितलं. "म्हनजे सकाळी उडी मारली तं देव हालन."

आणि तेवढ्यात गजाननचा चेहरा फुलला. "मॅडम, एक सरप्राईज हाये," म्हणत त्यानं गॅलरीचं दार उघडलं. माझ्यासाठीही ते सरप्राईजच होतं. आदल्या दिवशी त्यानं ओळखीच्या सोफेवाल्याकडून बीम बनवून आणला होता. लाकूड भक्कम, माप मोबाइलवर बघून घेतलेलं. पण सोफेवाल्यानं त्यावर मरून रंगाचं रेक्झिन चढवलं होतं, कडेनं सोनेरी पट्टी लावली होती, आणि मधोमध ओळीनं बटणं दाबली होती. गजानन म्हणाला, "मी त्याले म्हनलं साधा कर. तो म्हने, भाऊ, पोरीसाठी हाये, साधा कायले?"

हळूबाईंना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्या बीमवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "समूच्या आई, चहा इथंच आना. मस्त झाला. याच्यावर पोट्टी चढली न, तं एक तं बटन तुटन, नाई तं पाय." गजाननचं तोंड उतरलेलं पाहून त्याला म्हणाल्या, "नाराज नका होऊ, समूचे बाबा. मनापासून केलं तुमी. बसाले कामी येईन."

चहा झाल्यावर त्यांनी समूला समोर बोलावलं. "भिंतीवर कावून चढली वं?"

समू फरशीकडे बघत म्हणाली, "माहे पाय इसरून राहिले, मॅडम."

मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी समूची वेणी नुसती मागे टाकली. मग माझ्याकडे वळल्या. मी संधी साधली. "बघा ना मॅडम, म्हणूनच म्हणते, चांगला बीम सांगा. जाड मॅट घेते. आजोबांना मी सांभाळते. आजच्या आज मागवते."

"खाली कोन बसन?"

"मी बसते."

"तुमी आई हाये. आई पडनं पाहते, पाय नाई पाहत."

मला हे झोंबलं. "मी शिकेन की! शिकून तर इथवर आले."

"कुठं बसून शिकल्या?"

"अभ्यासिकेत. कॉलेजच्या मागे होती."

"घरी जागा नोती?"

"होती. बाबांनी टेबल-खुर्ची करून दिली होती, बाभळीची..." आणि माझी मीच थांबले. त्या खुर्चीवर मी फार तर आठवडाभर बसले असेन. गावातलं ते टेबल कोपऱ्यात कोरं पडलं होतं आणि मी शेवटच्या गाडीपर्यंत अमरावतीत अभ्यासिकेत बसून असायची, कारण तिथं माझ्यासारख्या आणखी पोरी होत्या. एक उठेना म्हणून दुसरी उठायची नाही. एकीला डुलकी लागली की दुसरी कोपरानं ढोसायची. त्यातल्या कितीतरी जणी आज कमावत्या आहेत. हे मला माहीत होतं, सगळ्यांना अभिमानानं सांगतही होते, फक्त माझ्या मुलीच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं.

मॅडमनी विषय ताणला नाही. उठल्या. "एकटी शिकन ते वाकडं शिकन. मंग मले उसवत बसा लागते. आनि कटाळून सोडून देईन ते निराळंच. चला, चपला घाला."

"कुठे?"

"इथं एका शाळेत बीम आलता. स्पर्धा घ्यायले आली होती मी, तवा नवा होता."

शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या बेतात होती. मॅडम थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरल्या. त्या बाई चांगल्या होत्या, पण गोंधळल्या. "बीम? असेल बहुतेक. पण आमच्याकडे शिकवणारं कोणी नाही हो."

"शिकवनारी मी हाये. पोट्ट्या हायेत का?"

"मॅडम, ही मुलींचीच शाळा आहे!"

"मंग झालं न."

बीम सापडला गॅदरिंगच्या पडद्यांखाली, मोडक्या बाकांच्या मागे. गजाननने आणि शिपाईकाकांनी तो ओढून बाहेर काढला. समूनं पुढे होऊन ओढणीनं धूळ पुसली. मॅडमनी वाकून पाय तपासले, स्क्रू घट्ट करून घेतले, आणि दारात घोळका करून उभ्या असलेल्या मुलींतली एक उंच पोरगी बोटानं बोलावली. "नाव काय तुहं? बस खाली. ही वर चढून रायली. हिचे पाय पाह, आनि मले सांग."

तिथून पुढची तीन वर्षं हळूबाई दर शनिवारी अकोल्याला आल्या. आठवड्यातले बाकीचे दिवस माझ्यावर होते. "तुमी कुलूप उघडाचं, दारात बसाचं. आत नाई यायचं," असा हुकूम होता, आणि ऑफिसातून सुटून मी तो पाळला. दारात बसून मी पाहिलं की समू पुन्हा बडबडायला लागली. पाहिलं की शाळेच्या त्या पोरींनी, ज्यांना बीम म्हणजे काय ठाऊक नव्हतं, एकमेकींच्या टाचांवरून भांडणं सुरू केली. त्या वर्षांत मला नोकरीतली बढतीही मिळाली, पण कोणी "तुम्ही काय करता" विचारलं की मी आधी सांगायची, "संध्याकाळी पोरींचा हॉल उघडते."

आता मॅडम निवृत्त होऊन परतवाड्याला बहिणीकडे राहतात. पण त्यांची आठवण काढली की मला दिसते ती त्यांची शेवटची विभागीय शालेय स्पर्धा. अमरावतीतच होती. विभागातून एकच संघ राज्याला जाणार होता, आणि शेवटी उरले दोन: अमरावती आणि अकोला. मॅडम अर्थातच अमरावतीच्या पोरींबरोबर बसल्या होत्या. आमच्या पोरींकडे त्यांनी दिवसभरात एकदाही पाहिलं नाही. अकोल्याची शेवटची पोरगी बीमवर चढली ती समू. मधल्या वळणावर ती डगमगली. तिनं पाय धरून ठेवला, पुरं केलं, उतरली. थोड्या वेळानं माइकवरून अकोल्याचं नाव पुकारलं.

माझ्या शेजारून, मॅडमचा हॉल चालवणाऱ्या मंडळातले एक गृहस्थ पुढे गेले. रागानंच. "मॅडम, आपल्याच पोरींना हरवायला दर शनिवारी अकोल्याला जात होत्या का तुम्ही?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मंग काय भाऊ? समोर कोनी नसतं तं ह्या जिंकल्या असत्या. पन कोनाले हरवून?"

तेवढ्यात समू धावत त्यांच्यापाशी पोचली. मागोमाग मी, पाया पडायला. डोळे भरून आले होते माझे. मला सगळ्या हॉलला ओरडून सांगायचं होतं की ही पोरगी माझी आहे आणि ह्या बाई आमच्या आहेत. मॅडमनी हात आडवा धरला.

"आता नाई. माह्या पोरी रडून रायल्या," त्या समूला म्हणाल्या. "तू तुह्या पोरीयजवळ जा. तिकडे वाट पाहून रायल्या."

समू वळली आणि पळाली. ती पोचली की नाही हे बघायलाही मॅडम थांबल्या नाहीत. अमरावतीच्या पोरींच्या घोळक्यात जाऊन खाली फरशीवर बसल्या, एकीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि दुसरीच्या घोट्याला बांधलेली पट्टी सोडायला लागल्या.