मारामारी न सोसणारी बाई

परवा अवधपुरी कॉलनीतल्या आमच्या आताच्या घरी नातीने टीव्हीवर एक जुना हिंदी सिनेमा लावला. मारामारी, प्रेम, गाणी, सगळं भरपूर. हिरोने पहिला गुंड हौदात फेकला तेव्हा पुढचे दोघे कुठे पडणार ते मी आधीच सांगून टाकलं. नात माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, तुला तर फाइट बघवत नाही ना!"

हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. खोटं आहे, एवढंच.

हाच सिनेमा थिएटरात नवा लागला होता, तेव्हा आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात मी, हे आणि सासूबाई. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज दुपारी कुणाकडे तरी हळदीकुंकू असायचंच, त्यामुळे बाहेर पडायला सासूबाईंची ना नसे. आम्ही चौघी शेजारणींनी त्यातली एक दुपार मॅटिनीला दिली. परतताना जवाहर चौकात वाण म्हणून चार प्लास्टिकच्या साबणदाण्या घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून एकमेकींना हळदकुंकू लावलं. पुरावा पक्का! केवढी हुशार होते मी. फक्त थिएटरात, हिरोने खलनायकाला घोड्यावरून खाली ओढलं तेव्हा, मी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की डोअरकीपरने टॉर्च थेट माझ्या तोंडावर मारला. "बहनजी, आप?"

दोनच दिवसांनी हे ऑफिसातून आले ते त्याच सिनेमाची दोन तिकिटं घेऊन. माणूस इतका लाजरा, की माझ्याशी बोलायचं असलं तरी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आधी खाकरायचा. त्या दिवशी मात्र आईसमोर म्हणाले, "आम्ही दोघं जाऊन येऊ का?" कान लालबुंद झाले होते.

नवऱ्याचे लाल कान सोडून मला काय दिसावं? तो डोअरकीपर! त्याने ओळखलं तर? पुढचं गाणं माझ्या तोंडून आधीच निघालं तर?

"मला नको बाई," मी म्हटलं, "मारामारी सोसत नाही मला. आईंनाच घेऊन जा ना." वर समजूतदार सुनेचा मान पदरात पाडून घेतला, तो वेगळाच.

"मारामारी आहे ना? मग येते मी," सासूबाई म्हणाल्या. "रडारड तरी नसेल."

गेले दोघं. परत आल्यावर सासूबाईंनी लाटणं हातात घेऊन सगळी फाइट करून दाखवली, आणि मी तोंडाला पदर लावून "अगंबाई! मग?" करत बसले. हे अर्धी पोळी ताटात ठेवूनच उठले. दमले असतील, असं मी समजले. तेवढीच माझी समज.

दोन मुलं झाल्यावर एकदा मटार सोलताना सासूबाई सहज म्हणाल्या, "त्या सिनेमाच्या मध्यंतरात तुझा नवरा मला विचारत होता, हिला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं का गं? मी म्हटलं, वेडा आहेस, तिला मारामारी सोसत नाही."

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे ती शिट्टी, ती साबणदाणी, सगळंच काढावं लागणार. दोन पोरांच्या आईला लाज वाटली. उद्या सांगू, म्हटलं.

नवा सिनेमा लागला की त्यांच्या ऑफिसातले मित्र हाक मारायचे, "वहिनींना घेऊन चल यार!" हे माझ्याकडे न बघताच सांगायचे, "नाही रे, तिला सोसत नाही." आणि स्वतःही जायचे नाहीत. मी आतून चहा घेऊन यायचे आणि मान हलवायचे.

हे गेल्यावर त्यांचा एक मित्र भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, कॉलेजात असताना हा मारामारीचा एकेक सिनेमा पाच-पाच वेळा बघायचा, आणि शिट्ट्या तर अशा मारायचा की काही विचारू नका, वहिनी.

मी तर यांची शिट्टी कधी ऐकलीच नाही.