खोकला माझा, गुण सासऱ्यांना

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये माझ्या छातीत इन्फेक्शन झालं. मी खोकलो की शेजारचं कुत्रं भुंकायचं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, अँटिबायोटिक्स दिली आणि विश्रांती घ्यायला सांगितली. पण पुण्याहून सासूसासरे आलेले असताना विश्रांती कसली?

त्यात कुत्र्याची मालकीण, हाँगकाँगच्या आजी, थर्मास घेऊन दारात हजर. आत काळाकुट्ट चिनी काढा. "लंग्ज! व्हेरी गुड!" म्हणत त्यांनी छातीवर थोपटून दाखवलं. सासूबाई गॅसवर अडुळसा उकळत होत्याच. त्यांनी थर्मासचा वास घेतला, आजींनी पातेल्याचा. दोघींना ठसका लागला आणि तिथेच मैत्री जमली.

बायको जवळच्या मेडनहेडला औषधांच्या ट्रायल्सचे रिपोर्ट तपासते. "आधी पुरावा बघू दे," म्हणून ती लॅपटॉप उघडून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "चिनी काढ्यावर अभ्यास झालेत. पण बरेचसे छोटे. शिवाय काढा अँटिबायोटिक्सबरोबर दिलाय, मग गुण नक्की कशाचा? आणि ब्लाइंडिंग नाही."

"म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपण काय पितोय हे पेशंटला कळता कामा नये."

सासूबाईंनी लगेच माझ्या डोळ्यांवर मफलर बांधला.

"अगं आई, तसं नाही!"

"बरोबर आहे, वासाने कळेल की," असं म्हणून सासऱ्यांनी माझ्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावला. मी गुदमरून खोकलो. पलीकडे कुत्रं भुंकलं.

शेवटी बायकोने रीतसर ट्रायल जाहीर केली. मी आणि सासरे, दोघांनी रोज कपभर काढा प्यायचा. एकाचा खरा, दुसऱ्याचा खोटा. कोणाचा कुठला हे फक्त तिला ठाऊक. सासऱ्यांना खोकला नव्हता, दुखायचा तो फक्त गुडघा, पण ते उत्साहाने तयार झाले. दोन्ही कप सारखेच कडू होते. पिताना आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे संशयाने बघायचो.

अँटिबायोटिक्सचा कोर्स संपला, माझा खोकला थांबला. जीपी म्हणाली, छाती साफ आहे. सासूबाई आणि आजींनी एकमेकींचं अभिनंदन केलं. मग सासरे कठडा न धरता जिना उतरले आणि म्हणाले, "माझा गुडघा पार बरा झाला. खरा काढा मलाच होता."

बायकोने कपाळावर हात मारला. "बाबा, खरा कोणालाच नव्हता! अँटिबायोटिक्स चालू असताना घटक माहीत नसलेलं काही देऊ नका, असं फार्मसिस्टने बजावलं होतं. तुम्ही दोघंही कोऱ्या चहात कारल्याचा रस पीत होतात."

"आणि आजींचा काढा?" मी विचारलं.

"माझा अडुळसा त्या प्यायल्या आणि त्यांचा काढा मी," सासूबाई म्हणाल्या. "एवढं केलेलं वाया कशाला घालवायचं?"

सासऱ्यांनी गुडघा एकदा वाकवून बघितला. मग मुलीला म्हणाले, "ते असू दे. चहात कारलं किती घालायचं, तेवढं आईला नीट दाखवून ठेव."