जराशी थांबणारी यादी

बाबांच्या हातांत कंपवात शिरला तो रिटायर झाल्याबरोबर. आधी उजव्या, मग डाव्या. समुद्रपूरच्या एका सरकारी ऑफिसात त्यांनी उभा जन्म काढला, रोज वर्ध्याहून एस.टी.नं जाऊन-येऊन. आमच्या घराण्यातले पहिले नोकरीवाले. अक्षर असं की आमच्या बोरगाव मेघेच्या बुद्धविहारात पौर्णिमेची सूचना फळ्यावर त्यांनीच लिहायची, दुसऱ्यानं खडूला हात लावायचा नाही. हात थरथरायला लागले तसं त्यांनी विहारात जाणंच सोडलं. कोणी बोलवायला आलं की आतून मला म्हणायचे, "सांग, बाबा झोपले म्हणून." मी सांगायची. खोटं बोलण्याचं मला काही वाटत नव्हतं, पण त्यांच्या लपण्याचा असा राग यायचा की भांडी आपटावीशी वाटायची. कधी कधी आपटायचीही.

आई आधीच गेली होती. म्हणून मी नागपूरची नोकरी सोडून घरी आले आणि घरूनच वेबसाइटी बनवू लागले. हा दोन हजारनंतरचा काळ. दुपारी लाइट जायची म्हणजे जायचीच, आणि इंटरनेट चालेल तर चालेल. जुन्या कंपनीत शब्द टाकून मी बाबांसाठी घरबसल्या टायपिंगचं काम मिळवलं. जुन्या कागदांवरची माहिती कंपनीच्या वेबसाइटवर भरायची. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून कॉम्प्युटरसमोर बसायचे. शेजाऱ्यांना खिडकीतून सांगायचे, "ऑफिसचं काम करून राह्यलो." घरात परत माणूस आल्यासारखं झालं.

घोडं अडलं ते तालुक्याच्या यादीत. कागद कोणत्या तालुक्यातला, ते माउसनं निवडायचं होतं. यादी खाली उघडायची, बाबांचा हात थरथरून स्क्रीनवरचा बाण बाहेर घसरायचा, आणि यादी पटकन मिटायची. पुन्हा उघडायची, पुन्हा मिटायची. त्या यादीला कीबोर्ड कळत नव्हता. ज्या समुद्रपुरात जन्म गेला, ते समुद्रपूर त्यांना निवडता येईना. कंपनीनं कळवलं, वेग असाच राहिला तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल.

ती यादी कंपनीनं बनवलेली नव्हती. वेबसाइटीला लागणारी बटणं, याद्या, कॅलेंडरं अशा तयार वस्तूंची एक लायब्ररी होती. जगभरातले लोक ती फुकट बनवत आणि फुकट वापरत. तिचा कोड सगळ्यांना उघडा. कोणीही सुधारणा पाठवावी, सांभाळणाऱ्यानं तपासून घ्यावी, असा कारभार. कंपनी म्हणाली, आम्ही त्यात हात घालत नाही, लायब्ररीत सुधारणा आली की आमच्याकडे आपोआप येईल.

मग मीच बसले. बाण यादीबाहेर गेला तरी तिनं लगेच मिटायचं नाही, जरा थांबायचं, एवढंच लिहायचं होतं. लिहिता लिहिता दुसरी एक चूकही सापडली, कधी कधी यादी खालच्या चौकटीमागे लपायची. तीही दुरुस्त केली. पाठवण्याआधी आमच्याच मशीनवर नमुना चालवून बाबांना बसवलं. बाण घसरला, यादी थांबली, बाण परत आला, समुद्रपूर निवडलं गेलं. मग त्यांनी हिंगणघाट निवडलं, आर्वी निवडलं, सगळे तालुके फिरून आले. इतके हसले की मला रडू आलं.

दोन्ही दुरुस्त्या पाठवल्या. सांभाळणारा माणूस कुठल्या तरी थंड देशातला होता. त्याचं उत्तर आलं: लपण्याची दुरुस्ती छान आहे, पण हे थांबणं कशाला? कोणाला लागतं हे? मी बाबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा पडला.

"काढ ते," म्हणाले.

"काऊन? त्यानं नुसतं विचारलं."

"फाइलवर वरच्या सायबाचं 'काऊन?' आलं म्हणजे ते नको, असं समजाचं. खुलासे देत बसणारा कारकून टिकत नाई, बाई. ज्याच्यावर सवाल आला ते काढाचं, अन् फाइल परत वर पाठवाची. म्या जिंदगीभर हेच केलं."

"मी त्याला सरळ लिहिते, माझ्या बाबांचे हात थरथरतात म्हणून."

ते खुर्चीतून उठायलाच लागले. "ते सारं जग वाचते म्हणून तूच सांगतलं होतं ना? माह्या हाताचं जगाले सांगशीन? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमची मूठ झाकतच नाही, बाबा."

बोलले आणि जीभ चावली. ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माही शपथ हाय तुले."

शपथेपुढे माझं काही चाललं नाही. थांबणं काढलं, "सॉरी सर" लिहिलं, आणि उरलेली दुरुस्ती पाठवली. लगेच मंजूर झाली, आभारही आले. बाबांनी मला शिरा करायला लावला. "पाह्य, म्हटलं नव्हतं? झाली ना फाइल पास." त्यांचंच औषध फाइलीतून काढून त्यांनी फाइल पास करून घेतली होती, आणि मी गॅसपुढे रवा भाजत होते.

कंपनीकडे सुधारलेली लायब्ररी आली. यादी आता चौकटीमागे लपत नव्हती, पण मिटायची तशीच पटकन. दिवाळीच्या आधी बाबांचं काम बंद झालं. त्यानंतरही काही दिवस ते शर्ट घालून बसायचे. मग इस्त्री केलेले शर्ट तसेच साचले, आणि एक दिवस मी ते कपाटात ठेवून दिले.

पुढे काही वर्षांनी लायब्ररीची नवी आवृत्ती आली. तिच्यात यादी थांबत होती. कोण्या परक्या देशातल्या बाईनं सुधारणा पाठवली होती, आणि कारण एका ओळीत लिहिलं होतं: माझ्या आईचे हात थरथरतात. खाली सांभाळणाऱ्यानं लिहिलं होतं: "एवढं कारण पुरे. पूर्वी एकीनं हेच पाठवलं होतं, मी कारण विचारलं तर तिनं काढूनच टाकलं. मला फक्त जाणून घ्यायचं होतं."

बाबांना तेव्हा मी चमच्यानं भरवत होते. भरवता भरवता सगळं सांगितलं. त्यांनी घास तोंडातच ठेवला. मग हळू म्हणाले, "म्हणजे त्याले खरंच माईत नव्हतं?"

"नव्हतं, बाबा."

"मंग सांगाले पाह्यजे होतं तुनं."

 शपथ कोणी घातली होती, असं मी रागानं विचारणार होते. पण त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनाही ते आठवत होतं. मी त्यांची हनुवटी पुसली.

"दाखव ती यादी," म्हणाले.

खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. त्यांचा हात उचलून माउसवर ठेवला, वर माझा हात ठेवला. यादी उघडली. "सोड," म्हणाले, म्हणून मी सोडला. त्यांचा हात थरथरत टेबलावर घसरला आणि बाण यादीबाहेर गेला. यादी थांबली. बाबा हात परत उचलायला पाहत होते. यादीनं थांबायचं तेवढं थांबून घेतलं, आणि मिटली.