न कुजलेली पिशवी

वैशाखातली सोलापूरची दुपार मला वाळलेल्या झेंडूच्या उग्र, कोरड्या वासासह आठवते. अंगणाच्या कोपऱ्यात अण्णांचा, माझ्या वडिलांचा, कंपोस्टचा खड्डा होता. रसायनशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या धाकात राहणारं तेवढंच काही उरलं होतं.

दादा, माझा थोरला भाऊ, बँकेतली नोकरी सोडून मक्याच्या स्टार्चपासून मातीत कुजून जाणाऱ्या पिशव्या बनवू लागला होता. पहिली पिशवी त्यानं प्रसादासारखी दोन्ही हातांनी अण्णांना दिली. अण्णांनी ती निमूटपणे खड्ड्यात पुरली. दादाला तो आशीर्वाद वाटला.

काही महिन्यांनी, त्या वैशाखात, सात रस्त्याजवळच्या मंगल कार्यालयाचे मालक युनूसभाई पिशव्या पाहायला घरी आले. सरबत झाल्यावर अण्णा त्यांना अंगणात घेऊन गेले. साली, पाने, देवाची फुले यांचा एव्हाना तपकिरी चुरा झाला होता. त्यातून अण्णांनी ती पिशवी ओढून काढली, नळाखाली धुतली, पाण्यानं भरली आणि युनूसभाईंच्या डोळ्यांसमोर धरली. एक थेंब गळला नाही.

"माझ्या मुलाचं कर्तृत्व," अण्णा म्हणाले. "सगळं कुजलं, एवढं सोडून."

दादा समजावत राहिला, की या पिशवीला आधी ऊब आणि ओल लागते, त्यात तिचे धागे तुटतात, मगच जिवाणूंना ती खाता येते. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यानं विचारलं, "अण्णा, खड्ड्याला पाणी घालत होता का?"

"तुझ्या पिशवीची उस्तवार मी करायची?"

"असू द्या की, मास्तर," युनूसभाई खाली बघत म्हणाले, आणि लगेच निघाले. ते पुन्हा आले नाहीत. दिवाळीआधी दादाचा कारखाना बंद पडला आणि तो पुण्याला नोकरीवर गेला. फोन मला करतो. अण्णांविषयी विचारत नाही.

युनूसभाई येऊन गेले त्या संध्याकाळी मी अण्णांना विचारलं होतं, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का? नखांतली माती काढत ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक होतं. साठेक अंशांची ऊब लागते. ती कुणाच्या अंगणात असते?" ते खोटं बोलत नव्हते, हेच मला असह्य झालं.

पुढच्या हिवाळ्यात अण्णांनी शेणाच्या पाट्या आणवल्या, ओला कडबा पसरला, ढीग रचून पोत्यांनी झाकला. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते तो खालीवर करीत, तेव्हा आतून दाट, गोडसर वाफ उसळे. मी एकदा आत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. त्यात दादाच्या उरलेल्या गठ्ठ्यातली एक पिशवी होती, हे मला फार उशिरा कळलं.

एका सकाळी तिचा नखाएवढा तुकडा त्यांच्या तळहातावर होता. त्यांनी तो अंगठ्यानं हलकेच चोळला आणि तो काळ्या खतात मिसळून गेला. मी फोन काढून दादाचं नाव शोधलं.

"त्याला कळवू नकोस," अण्णा म्हणाले आणि रिकामी बादली उचलून नळाकडे वळले.

ज्या मुलासाठी पाण्याचा एक तांब्या जड झाला होता, त्याच्या पिशवीसाठी हा सत्तरी उलटलेला माणूस हिवाळाभर बादल्या वाहत होता. फोनवर दादाचं नाव उजळलेलं होतं. मी ते बघत उभी राहिले. थोड्या वेळानं ते आपोआप विझलं.