चौकटीवरचे पापलेट

माझे वडील तारापूरच्या प्रकल्पात हिशेबनीस होते, आणि पालघरच्या घरी परतल्यावरही ते हिशेबनीसच राहत. रोज संध्याकाळी चहाबरोबर त्यांची वही उघडे. नोंद झाल्याशिवाय आमच्याकडे काडेपेटीसुद्धा पेटत नसे. आईचं औषध ‘औषधपाणी’त जाई, धाकट्या भावाची फी ‘शिक्षणा’त, आणि मला दाखवण्याचा खर्च ‘किरकोळ’मध्ये.

इतरांच्या मुली पोह्यांवर दाखवल्या जात. सातपाटीच्या मासळी बंदराच्या इतक्या जवळ राहून पोहे देणं आईला कमीपणाचं वाटे. ती जेवायलाच बोलावी आणि तळलेले पापलेट वाढी. पाहुणे पापलेटांची तोंडभरून स्तुती करीत आणि माझ्याबद्दल ‘कळवतो’ म्हणत. मी कॉन्व्हेंटमधली, म्हणून ‘इंग्रजी फाडफाड बोलते’ असं त्यांना सांगितलं जाई. प्रत्यक्षात मी कुठल्याच भाषेत बोलत नसे.

मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. फॉर्म भरून तयार होता, फक्त वडिलांची सही हवी होती. “हे स्थळ जमलं नाही, तर बघू,” ते म्हणाले. तेव्हापासून तो फॉर्म त्यांच्या वहीत पाचव्या पाहुण्यांची वाट पाहत पडला होता.

पापलेट घेऊन येई सातपाटीची एक मावशी. रोजच्या बोंबलांचे पैसे ती रोख घेई. पाहुण्यांच्या पापलेटांचं मात्र आईने सांगून ठेवलं होतं, “हिचं ठरलं की सगळे एकदम देते.” मावशी मागच्या दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढी, एका पापलेटाला एक. वडिलांच्या वहीत जे ‘किरकोळ देणे, मागील पानावरून पुढे’ म्हणून अब्रूने झाकलेलं होतं, ते चौकटीवर कुणालाही मोजता येत होतं. म्हणून पाचवे पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी चौकटीला हिरवा रंग दिला.

पाहुणे जेवायला बसले. मुलाच्या आईने विचारलं, “आधी कुठे दाखवली होती का?”

“छे! तुम्हीच पहिले,” आई म्हणाली.

सकाळी घाईत पापलेट टाकून गेलेली मावशी आजच्या रेघा ओढायला आली होती; तेवढ्यात मागच्या दारातून तिचा आवाज आला, “वयनी! माज्या रेघा कुनी खाल्ल्या?”

आई धावली. “हळू बोल गं, पाहुणे आहेत.”

“हायेत तर हायेत. माजा हिशेब कुटं हाय?”

“माझ्या लक्षात आहे. नंतर बघू.”

“माज्या पन हाय. पयला तो चष्मेवाला आला, चार पापलेट. मंग बोईसरचा, चार. मनोरचे तर सात जन आले, तवा सा. मंग तो मामाला पुडं करून आलेला मुका, त्याला चार. नि आजचे चार. बावीस! आज तरी ठरतंय ना बायचं?”

इकडे मुलाची आई बोटांवर काहीतरी मोजत होती. मी मान खाली घालून उभी होते. सगळ्यांना वाटलं, लाजले. वडिलांच्या तोंडून मात्र निघून गेलं, “बावीस. बरोबर.” दोन हिशेब जुळले की त्यांना राहवत नसे.

पाहुण्यांनी पापलेट संपवले, काटे नीट बाजूला काढून. चार दिवसांनी पत्र आलं: पत्रिका जुळत नाही.

वडिलांनी मावशीचे सगळे पैसे चुकते केले. तिने ते दोनदा मोजून कमरेला खोचले आणि आईला म्हणाली, “राग नको मानू वयनी, पन पुडच्या पावन्यापासून रोख.” बाजारातली माझी पत तिथेच संपली.

त्या संध्याकाळी वडिलांनी फॉर्मवर सही केली, फी बाजूला काढली आणि सवयीने ‘किरकोळ’खाली लिहिली.

“बाबा, खातं चुकलं,” मी म्हटलं.

पाचही पाहुण्यांसमोर मिळून मी इतकं बोलले नव्हते. वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. मग पट्टी घेऊन त्यांनी ती नोंद खोडली, अगदी सरळ रेघेत.